घर राखायला ठेवलेली करवली

प्रिय हितेश,

फोन केला असता, पण फोनवर तू मला "बाबा, कॉलवर हाय, नंतर बोलतो" म्हणून टाकतोस आणि तुझं ते नंतर कधी उगवत नाही. उगवलंच, तर आदल्या दिवशी बोललेलं दुसऱ्या दिवशी "मी तसं म्हटलंच नव्हतं" म्हणून धुऊन टाकतोस. कागदावरचं धुता येत नाही. तुझ्या सीवूड्सच्या टॉवरखाली वॉचमनकडे पाकीट देऊन मी तसाच दुकानात जाणार आहे. वर येणार नाही. गावातल्या आपल्या ओटीवरून तुझी खिडकी दिसते आणि तुला तिथून आपली ओटी दिसत नाही, हे मला आता पटलं आहे.

आधी बातमी सांगतो. अंगणात मांडव उभा राहिलेला नाही. शुक्रवारी तुझी हळद, शनिवारी लग्न, आणि दारात एक बांबू नाही. काल दुपारी प्रीतम मांडववाला टेम्पो भरून आला होता. मी नेरूळला दुकानात, तुझी आई फॉल लावायला दिलेल्या साड्या आणायला गेलेली. मला प्रीतमचा फोन आला. "शेठ, तुमची पोरगी गेटला आतून कुलूप लावून उभी हाय. बोलते नाव सांगा, बाबांना विचारते, मग बघू. आन् वरून मना बोलते, लग्नघर बघून ठेवायला चोर असेच येतात. मी चोर दिसतो काय शेठ?" मी म्हणालो, दिसतोस की नाही ते नंतर ठरवू, आज टेम्पो परत ने. त्याआधी तिने कुरियरवाल्याला परत पाठवला होता, गॅसवाल्याला रस्त्यावरच सिलेंडर उतरवायला लावला होता, आणि शेजारची म्हातारी विरजण मागायला आली तर तिला वाटी गेटवरून दिली होती. मला वाटलं, लग्नाच्या गडबडीने पोर बिथरली असेल. घरी येऊन पाहिलं तर मनस्वी बिथरलेली अजिबात नव्हती. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, केस विंचरलेले, ओटीवर ताठ बसलेली. बँकेच्या दारात बंदूकवाला बसतो ना, तशी.

मी विचारलं, तिने सांगितलं. तिचं सांगणं तुला ठाऊक आहे. ऐकलेलं जसंच्या तसं, पदरचं मीठ न घालता. "दादा म्हणाला, लग्नाच्या दिवशी सगळे हॉलवर असतात. चोरांना ते माहीत असतं. घरात सोनं असतं. घर राखायला एकदम विश्वासू माणूस पाहिजे. मनू, तुझ्याइतकं विश्वासू आपल्या घरात कोण हाय?" वाक्यं मी लगेच ओळखली. एकाखाली एक, टिंबं लावल्यासारखी. ऑफिसात अशीच पडद्यावर दाखवतोस ना? बाकी खोटं बोलायचं तर नीट तरी बोलायचं होतंस. लग्नाच्या दिवशी सोनं घरात नसतं, गाढवा, बायकांच्या अंगावर असतं. त्या दिवशी आपल्या घरात चोर शिरला तर त्याला आदल्या दिवसाची भाजी मिळेल. ही गोष्ट मनस्वीच्या ध्यानात आली नाही, कारण भाऊ खोटं बोलेल ही शक्यताच तिने धरली नाही. तुझ्या ध्यानात आली नाही, कारण तू घाईत होतास.

आता तुला हे कशाला सांगायचं की ती तुझी करवली होणार होती. तुला माहीत आहे, तुझ्यासमोरच ठरलं होतं. नवरदेवाची बहीण करा-दिवा घेऊन त्याच्या मागे उभी राहते, हे काही कंपनीचं पद नाही की दुसऱ्याला देऊन टाकता येईल. पण त्यासाठी घरात काय काय झालं ते तू वरून, खिडकीतून पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो. रेशीम तिला टोचतं, अंगावर मुंग्या सोडल्यासारखं होतं, म्हणून तुझ्या आईने सुती साडी घेतली, पिवळी, बारीक काठाची, आणि ब्लाउजची आतली शिवण उलटी घालून घेतली. डीजेचा ठोका तिच्या छातीत बसतो म्हणून मी तुर्भ्याला जाऊन, कारखान्यात ग्राइंडिंगवाले कानांवर घालतात ते जाड मफ आणले. आईने त्यांना साडीच्याच कापडाचं अस्तर शिवलं. हळद कोणी तिच्या गालाला फासायची नाही, तीच स्वतःच्या हाताने टिळा लावून घेणार. हॉलवाल्याकडून मागची खोली मागून घेतली, पंख्याची, बिनआवाजाची, हवं तेव्हा जाऊन बसायला. आणि रोज दिवे लागले की दोघी मायलेकी गच्चीवर. हातात पाण्याने भरलेला करा, वर नारळ, आई पुढे नवरदेव होऊन चालतेय आणि मागून मनस्वी. आधी पाणी सांडायचं. मग सांडेनासं झालं. आई मुद्दाम मध्येच थांबायची, वळायची, पोरांना मध्ये पळायला लावायची, तरी सांडलं नाही.

हा करा तिने परवा स्वतः पुसून फळीवर ठेवून दिला. आईने विचारलं तर म्हणाली, "दोन कामं एका वेळी होत नाहीत. घर राखणं मोठं काम हाय. दादाने मला सांगितलंय." आईला वाटलं, पोर घाबरली. काय सांगावं, मलाही तेच वाटलं. तिने किती महिने धरलेली हौस एका वाक्यावर खाली ठेवली, आणि ते वाक्य तुझं होतं.

का केलंस, तेही मला ठाऊक आहे. साखरपुड्याला तुझ्या मित्रांनी ते कागदी फटाके फोडले, न सांगता, अगदी तिच्या कानाशी. ती टेबलाखाली गेली, कान झाकून गुणगुणत बसली. पाचेक मिनिटांत तुझी आई टेबलक्लॉथ वर करून तिच्याशेजारी जमिनीवर बसली, नव्या शालूनिशी. दोघींनी तिथेच पेढा खाल्ला आणि बाहेर आल्या. एवढंच घडलं. कोणी मेलं नाही. मी मात्र त्या वेळी तुझ्याकडे पाहत होतो. तू आधी टेबलाकडे पाहिलंस, मग तुझ्या साहेबाकडे, मग फोटोग्राफरकडे, आणि त्याला हाताने खूण केलीस की इकडचं घेऊ नकोस. फटाके फोडणाऱ्यांना एक शब्द बोलला नाहीस. ते कंपनीचे ना.

त्याच कंपनीत तू एप्रिलमध्ये स्टेजवर भाषण करायला उभा राहिला होतास. निळा टी-शर्ट, मागे पडद्यावर मनस्वीचा फोटो, एवढा मोठा. तू व्हिडिओ पाठवलास, मी दुकानात गिऱ्हाईक थांबवून पूर्ण पाहिला, दोनदा. 'माझी बहीण माझी शिक्षिका आहे.' 'आपण त्यांना बदलायचं नाही, आपण बदलायचं.' लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती शिक्षिका शनिवारी घराला कुलूप लावून आत बसणार आहे, हे त्या टाळ्यावाल्यांना कळव. पडद्यावर तुला तिचा फोटो चालतो, मांडवात ती चालत नाही, कारण फोटो गुणगुणत नाही. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला तुझी शिसारी आली, आणि पोटच्या पोराची शिसारी येणं ही चव मी पन्नाशी ओलांडेपर्यंत घेतली नव्हती.

हे डोकं एकट्या तुझं नाही, हेही मी जाणतो. कुंदनकाका गळ्यात साखळ्या घालून, सगळं जग बांधकामाच्या रेतीसारखं भावाने मोजतो. तो मागच्या आठवड्यात दुकानात येऊन बसला होता. "दादुस, पोरीला मांडवान कशाला बसवतंस? कंपनीची मानसं येनार हात. चार मानसं हसतीन. माझी पोर होईल करवली, तिला नाचता पन येतं." मी म्हणालो, करवली नाचायला नसते, आणि हसणाऱ्या चौघांची नावं दे, मी आमंत्रण परत घेतो. चहा न पिता गेला. त्याचंच बी तुझ्या कानात पडलं, आणि तू ते सभ्य करून, वर साखर पेरून, तुझ्या बहिणीला खाऊ घातलंस. तुझ्यापेक्षा कुंदन बरा. तो तोंडावर घाण बोलतो. उरणची भागीरथी आत्याही बरी. तिने ह्या पोरीवरून इतके नारळ उतरवले की त्यांचं तेल काढलं असतं तर गावाला पुरलं असतं, आणि अजून म्हणते, "लगीन करून टाका, सुधरंल." मूर्ख आहे, पण पोर येणार म्हटली की मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण वेगळं काढून ठेवते, ताटात एकमेकांना लागू न देता. तिने कुठे भाषण केलेलं मी ऐकलं नाही.

मला कोणी काही शिकवलेलं नाही, ते तू लहानपणापासून ऐकत आला आहेस आणि कंटाळला आहेस. तरी आज पुन्हा ऐक. पंपाची जळलेली मोटार उघडायची, तार कशी गुंडाळली आहे ते बघत बघत सोडवायची, आणि जशी होती तशीच परत भरायची. रिवाइंडिंग मी असंच शिकलो. मनस्वी चार वर्षांची होईपर्यंत बोलली नाही तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी एक शब्द सांगितला, ऑटिझम, आणि एक चोपडं दिलं, इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन मी ते वाचून काढलं, मग दुसरं, मग तिसरं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द काढला त्याला आपल्या घरी आठवडाभर ठेवला पाहिजे. ह्या घरात दुसऱ्याचं बोलणं तिच्याइतकं मनावर घेणारं माणूस नाही. स्वतःत मग्न कोण, ते तुझ्या आरशाला विचार. तुझ्या आईने एकही चोपडं वाचलं नाही. तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं की पोरीला उद्या काय होणार ते आज सांगावं लागतं. कोण येणार, केव्हा, कुठे बसणार, केव्हा जाणार. पाहुणा आधी कळला की ती त्याला पाणी आणून देते. अचानक आला की मोरीत जाऊन बसते. एवढंच शास्त्र आहे. यात उपकार नाहीत. तुला सहावीत चष्मा लागला, तेव्हा आम्ही तुला डोळे फाडून बघ असं म्हणालो नव्हतो.

आणि तुझे ते ऑफिसवाले, साखरपुड्यात एकजण मला विचारत होता, "अंकल, अशा मुलांना काहीतरी स्पेशल येतं ना? तारखा वगैरे?" मी त्याला म्हणालो, हिला बाराच्या पुढे पाढे येत नाहीत, तांदूळ निवडता येतात, खोटं बोलता येत नाही. त्याचं तोंड पडलं. त्याला सर्कस हवी होती, आणि आमच्या घरात नुसती मुलगी निघाली.

तुझा खोटेपणा मला इतका लागला नसता, जर तुला तिची माहिती नसती. कुंदनला नाही, त्याला माफ. पण तू आठवीत होतास तेव्हाचं तुला सांगायला नको. नेरूळच्या बाजारात तू तिला "इथेच उभी राहा" म्हणालास आणि दोस्तांबरोबर क्रिकेटला निघून गेलास. अंधार झाला, भाजीवाल्यांनी गोण्या झाकल्या, ती तिथेच. एका बाईने हात धरून नेऊ पाहिलं तर तिने हात सोडवून घेतला आणि पुन्हा त्याच फरशीवर येऊन उभी राहिली. तुला घरी आल्यावर आठवलं आणि तू चप्पल न घालता पळत गेलास, तिला घेऊन आलास, रात्री जेवला नाहीस. त्या दिवशी तुला कळलं की ह्या पोरीला तू जिथे उभी करशील तिथे ती उभी राहते. तुझ्या हातात ही चावी आली ती तेव्हा. आठवीतल्या पोराने त्या चावीची भीती बाळगली. आता टाय लावणाऱ्या माणसाने त्याच चावीने तिला घरात बंद केलं, आणि कुलपाला नाव काय दिलं, तर विश्वास.

मी तिला सोडवून पाहिलं, तेही सांगतो. म्हणालो, मनू, घर राखायला मी दुकानातला माणूस बसवतो, तू चल. ती म्हणाली, "माणूस बसवायचा असता तर दादाने बसवला असता. दादा म्हणाला विश्वासू पाहिजे." आई म्हणाली, अगं दादा मजेत म्हणाला असेल. तर म्हणाली, "मजेत असतं तेव्हा तो हसतो. तो हसला नाही." बरोबर आहे. हसला असतास तर माणूस झाला असतास. आईने मग माझ्याकडे पाहिलं, उठून आत गेली, आणि भांडी घासायला लागली, घासून ठेवलेली. आज सकाळपासून तिने तुझं नाव काढलेलं नाही. लाडूंसाठी बेसन भाजताना नेहमी 'हितेशला खमंग लागतो' म्हणते, आज मुकाट्याने भाजलं.

अजून एक. श्रुतीचा काल रात्री आईला फोन आला होता. पोर चांगली आहे, उरणची आहे, मोकळं बोलते. म्हणाली, "काकू, मनस्वीताईंना गर्दी सोसत नाही म्हणून त्याच येत नाही म्हणाल्या, असं हितेशने सांगितलं. मला वाईट वाटलं. मी हॉलवर डीजे बंद ठेवायला सांगू का? माझे बाबा ऐकतील." बघ, जिला घरात यायचं आहे ती डीजे बंद करायला निघाली आणि जो घरातला आहे त्याने बहीण बंद केली. आईने तिला काही सांगितलं नाही, नुसतं 'हितेशशी बोल' म्हणाली. मीही सांगणार नाही. तुझं पहिलं खोटं बहिणीशी, दुसरं बायकोशी, आणि बायको अजून झालेलीही नाही. वेग चांगला आहे.

एवढं सगळं तुला तुडवायला लिहिलेलं नाही, तुडवलं असलं तरी. लिहिलं ते एका कामासाठी. दादा खोटं बोलला, हे मी मनस्वीला सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती मानेल, माझं ती मानते. पण मग शनिवारी ती करा घेऊन ज्याच्या मागे उभी राहील त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहील, ते मला ठाऊक नाही, आणि ते काम मी माझ्या हाताने करणार नाही. ती तुझ्या शब्दावर बसली आहे, तुझ्याच शब्दाने उठेल. तेव्हा गुरुवारच्या आत ये. समोर बसू नकोस, बाजूला बस. खांद्यावर हात ठेवू नकोस. 'अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं' असं सुरू करू नकोस, तिला ते कळत नाही आणि मलाही कळत नाही. सरळ वाक्यं बोल. चोर येणार नव्हते. लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. मी खोटं बोललो. तू माझी करवली हो. एवढी चार बोल आणि गप्प राहा. ती लगेच उत्तर देणार नाही, आत जाईल, बराच वेळ येणार नाही. तू उठून जाऊ नकोस. नाही आलास तरी लग्न अडणार नाही. आई आणि कुंदन तुला मिरवत नेतील, मुलाच्या बापाच्या खुर्चीवर कुंदन बसेल, त्याला खुर्ची शोभते. मी मनस्वीजवळ ओटीवर बसेन. हे काल मी तिला विचारून ठेवलं आहे, घर राखायला तिच्या जोडीला मी चालेन का म्हणून. ती म्हणाली, "बाबा, तू विश्वासू हायस. पण मग आपल्यातलं दादाकडे कोण जाणार, आई एकटीच? तो वाट बघेल."  तू वाट बघशील की नाही, ते तिला तूच येऊन सांग.

तुझाच,
बाबा